गोलामागची बंडी

मित्रांनो, मी एक जुनी बंडी, म्हणजे बैलगाडी आहे, आणि जळकुकडी आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार सोज्वळ होतात. आम्ही झिजलो, आम्ही राबलो, आमचं काही मागणं नाही, असं म्हणतात. माझं मागणं आहे. समोर चौकात ती लाल ट्रॉली उभी असते ना, तिच्याकडे नजर गेली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का होतो ते ऐका, आणि मग मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या वाटेवर. मला उकंडा सुतारानं घडवलं. चाकांना बाभूळ घेतली आणि बाकी सगळा साग. तो साग झरी जामणीकडचा आहे, असं उकंडा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. खरंखोटं त्यालाच ठाऊक, पण ते ऐकून माझी मान जी ताठ झाली ती आजही ताठ आहे. गोवऱ्यांच्या आरात लोखंडी धाव लालबुंद तापवून त्यानं माझ्या चाकांवर चढवली आणि वरून पाणी ओतलं, तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती. नव्या बंडीला पाहायला तेव्हा माणसं यायची.

मला घेतलं गोविंदानं. बौद्ध वस्तीच्या टोकाला, चौकाच्या तोंडावर त्याचं घर. थोडी कोरडवाहू शेती, कापूस आणि तुरी. गोविंदा हळू बोलणारा माणूस होता. बैलांवरसुद्धा तो कधी ओरडला नाही. ओरडण्याचं खातं त्याची बायको कांताबाई सांभाळायची. पण काम दोघंही सारखंच करायची आणि मला दोघंही जपायची. चाकांमधल्या आकाला वंगण वेळेवर मिळायचं. भीमजयंतीला मला धुऊनपुसून निळ्या पताका लावायचे आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढे काढायचे. पोरं माझ्यावर बसण्यासाठी भांडायची. मित्रांनो, कौतुकाची सवय वाईट. एकदा लागली की सुटत नाही.

आता सामन्याचं सांगते, कारण माझ्या पोटातलं दुखणं तिथूनच सुरू होतं.

आमच्या गावाला फुटबॉलचं वेड होतं. आमच्या वस्तीतला धम्मदीप पुढे खेळायचा आणि रामराव पाटलांचा अमर गोल राखायचा. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या पोरांचे आणि यवतमाळच्या एका मंडळाचे गुण सारखे झाले. अंतिम सामन्यात जागा एकच उरली होती. मग ठरलं की दोन्ही संघांनी आणखी एक सामना खेळायचा आणि जो जिंकेल तो पुढे जाईल. सामना ठेवला आमच्याच गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात.

मैदान म्हणजे काय, तर दोन टोकांना बांबूचे खांब आणि वर आडवा बांबू. जाळी नाही. धूळ बसावी म्हणून सकाळी टँकरनं पाणी मारलं होतं आणि ते जरा जास्तच मारलं गेलं. एका गोलामागे नाला होता आणि नाल्याच्या काठाला बाभळीचं रान. पहिल्या अर्ध्यात एक चेंडू काट्यांत गेला आणि फुस्स झाला. दुसऱ्या अर्ध्यात दुसरा गेला. यवतमाळहून आलेले पंच म्हणाले की आता हा शेवटचा चेंडू, हाही गेला तर सामना इथेच थांबवावा लागेल.

गोविंदा त्या वेळी मला घेऊन बोरी अरबच्या कापूस खरेदी केंद्रावर निघाला होता. माझ्यात कापूस भरलेला. दोन्ही बाजूंना बांबूचे तट्टे लावून, पायांनी तुडवून तुडवून, वर डोंगर होईल इतका. थोडा वेळ पाहू म्हणून तो मैदानाच्या कडेला थांबला होता. पंचांचं बोलणं त्यानं ऐकलं. पोरांचे उतरलेले चेहरे पाहिले. मग तो शांतपणे धम्मदीपला म्हणाला, "थांब, मी बंडी आडवी लावतो."

"पण काका, तुमचा कापूस?" धम्मदीप म्हणाला. "आज तुमचा नंबर हाय ना तिथं?"

"कापूस कुठी पळून चालला? तुम्ही खेळा बाप्पा."

त्यानं मला गोलामागे आडवं उभं केलं, बैल सोडले आणि बाभळीला बांधले. चाकांखाली दगड लावले. अशी मी त्या सामन्यात उतरले. माझ्यापासून चार पावलांवर गोल होता. साऱ्या गावात माझ्याइतकी चांगली जागा कुणालाच मिळाली नव्हती.

सामना संपत आला तरी गोल होईना. यवतमाळच्या पोरांच्या पायांत बूट, आमच्यातले निम्मे अनवाणी. मग धम्मदीपला चेंडू सापडला. तो दोघांना चुकवून आत आला आणि त्यानं असा काही तडाखा दिला की चेंडू आडव्या बांबूच्या खालून थेट माझ्या कापसावर येऊन आदळला. तुडवून भरलेला कापूस टणक असतो. चेंडू त्यावरून उलटा फिरला, गोलात टप्पा खाऊन पुढे गेला आणि त्यांच्या गोलरक्षकानं त्यावर झेप घेतली. आवाज काही झाला नाही. कापसाचा काय आवाज होणार?

आमचे लोक ओरडले, गोल. त्यांचे ओरडले, बांबूला लागून परत आला. तो गोलरक्षक खोटं बोलत नव्हता. त्याची पाठ माझ्याकडे होती, त्याला बिचाऱ्याला खरोखरच तसं वाटलं होतं. पंचांचे डोळे त्या क्षणी गर्दीआड होते. दोन्ही बाजूंची माणसं मैदानात शिरली. बाह्या वर सरकल्या. आता काय होतंय आणि काय नाही, असं झालं.

 पंचांनी चेंडू मागितला. ओला, चिखलानं माखलेला चेंडू त्यांनी हातात फिरवून पाहिला. त्याला कापूस चिकटला होता. पांढराशुभ्र पुंजका, सरकीसकट. त्यांनी एकदा चेंडूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. गोल.

पुढची दोन-चार मिनिटं अमरनं जीव तोडून गोल राखला आणि सामना आपल्या पोरांनी जिंकला. मग काय विचारता. सगळी पोरं चिखलाच्या पायांनी माझ्यावर चढली. कापसावर नाचली. रामराव स्वतः खाली उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि गोविंदा बैलांच्या गळ्यात हात घालून हसत होता. त्याला एवढं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे अंतिम सामन्यात आमच्या पोरांनी सपाटून मार खाल्ला. तो सामना कुणी सांगत नाही.

सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. चौकात चहाची टपरी आहे. संध्याकाळी तिथे चार माणसं बसली की सामना निघायचा, आणि सामना निघाला की गोविंदाची बंडी निघायचीच. "गोविंदानं बंडी आडवी लावली म्हणून, नाही तं कायचा गोल अन् कायचं काय," असं लोक म्हणायचे. मी इथे कडुनिंबाखाली उभी राहून ऐकायचे. दर वेळी ऐकायचे आणि दर वेळी नव्यानं फुगायचे.

मग रामरावांकडे ट्रॅक्टर आला आणि त्याच्यामागे ती ट्रॉली आली. लाल रंगाची, चकचकीत. माझ्या तीन फेऱ्यांचा माल ती एका फेरीत न्यायची. लोक कापूस तिच्यात भरू लागले. गोविंदाचे बैल म्हातारे झाले, त्यानं नवे घेतले नाहीत. मला त्याचंही वाईट वाटलं नसतं. काम कुणी तरी करायचंच असतं. पण पोरं सामन्यांना यवतमाळला जायची ती आता ट्रॉलीत बसून, झेंडे लावून, गाणी म्हणत. ते मला डोळ्यांत खुपायचं. मी तिचा रंग उडायची वाट पाहायचे. उडाला की रामराव नवा लावायचे.

गोविंदा एका हिवाळ्यात आजारी पडला आणि गेला. कांताबाई माझ्याकडे बघेनाशी झाली. मला वंगण मिळेना. माझ्याखाली कोंबड्या बसू लागल्या, माझ्या दांडीवर गोधड्या वाळू लागल्या. आणि तिकडे टपरीवर सामना चालूच होता. गोविंदाची बंडी होती ती आधी नुसती बंडी झाली. मग कुणी तरी म्हणालं, "गोलामागं कापसाची गाडी होती ना?" आणि मग एके दिवशी एका शहाण्यानं सांगितलं, "अरे, रामरावभाऊची ट्रॉली होती. कापसानं भरलेली. मी तिच्यावर बसूनच तं पाह्यला सामना."

कुणीच त्याला अडवलं नाही. त्यानं खोटं बोलायचं म्हणून सांगितलं नव्हतं. ट्रॉलीवर बसून त्यानं पुढचे कितीतरी सामने पाहिले होते, त्यातच हाही मिसळला. हळूहळू सगळ्यांचाच मिसळला. अमरही तसंच सांगू लागला. धम्मदीप यवतमाळला नोकरीला लागला होता, तो सणावाराला यायचा आणि मान डोलवायचा. रामरावांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते जरा थबकले. दुसऱ्यांदा हसले. पुढे पुढे स्वतःच सांगू लागले, "मीच म्हणलं, लाव रे ट्रॉली आडवी."

मित्रांनो, माझ्या जिवाची काय आग झाली असेल. मी मुळात एक लाकडाची वस्तू, मला ओरडता येत नाही. वारा सुटला की माझं एक चाक कुरकुरतं, तेवढंच. मी खूप कुरकुरले. कांताबाई म्हणाली, "या बंडीले एकडाव फोडून सरपणाले लावतो." ती टपरीवर कधी गेली नव्हती. टपरीवर काय चाललंय ते तिला माहीत नव्हतं.

मागच्या वर्षी त्या सामन्याला पंचवीस वर्षं झाली. अमरनं पुढाकार घेऊन कार्यक्रम ठेवला. चौकातच, आमच्या घरासमोर. आणि व्यासपीठ कशाचं केलं, सांगा बरं? ट्रॉलीचं. ती तिथे मध्यभागी उभी, नव्यानं रंगवलेली, झेंडूच्या भल्यामोठ्या हारानं सजवलेली. वर फलक, 'ऐतिहासिक गोलाची साक्षीदार'. जुने खेळाडू वर खुर्च्यांवर बसले होते. जागा पुरेना म्हणून काही पोरं माझ्यावर चढून बसली. माझ्याच अंगावर बसून त्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती.

धम्मदीपनं माइक हातात घेतला. तो गोल त्यानं इतका छान सांगितला की मी क्षणभर राग विसरले. दोघांना कसं चुकवलं, तडाखा कसा बसला. "अन् चेंडू गेला तो थेट मागच्या ट्रॉलीतल्या कापसाले लागला," तो म्हणाला.

"कोणाच्या?"

आवाज कांताबाईचा होता. ती दारातच उभी होती, हातात सूप तसंच होतं. आता तिच्या कानावर पडलं होतं. ती पायऱ्या उतरून चौकात आली.

"कोणाच्या ट्रॉलीतला कापूस, बापू?"

धम्मदीप गडबडला. "काकू, रामरावकाकांच्या."

"ट्रॉली नोहती. आमची बंडी होती. यायनं लावली होती." गोविंदाचं नाव तिनं घेतलं नाही. ती कधीच घ्यायची नाही.

कुणीतरी मागून हसलं. अमर माइकजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकू, तुम्ही बसा ना खुर्चीवर. तुम्ही तं सामना पाहाले आल्याच नोहत्या. बाया कुठी येत होत्या तवा?"

"नाही आली," कांताबाई म्हणाली. "सामना नाही पाह्यला म्या. पण तुमच्या पायाचा चिखल पाह्यला. हे घरी आले तवा म्या किती बोलली यायले. म्हणलं, कापूस विकाले गेलते का नाच कराले? एवढा घाण कापूस कोण घेणार होतं? दुसऱ्या दिवशी अंगणात बसून बोंड बोंड निवडलं म्या, एकटीनं. अन् हे बाजूले बसून मले गोल सांगत होते. मी चिडून राह्यली अन् हे सांगून राह्यले. आता तुम्ही म्हणता ट्रॉली होती. मंग तो चिखल कोणाच्या कापसाचा होता?"

 धम्मदीपच्या चेहऱ्याकडे मी पाहत होते. त्याला आठवत होतं की नाही, ते मला कळेना. पंचवीस वर्षं एक गोष्ट तोंडानं घोळवली की डोळ्यांसमोरची पुसून जाते.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून विमलताई उठल्या. रामरावांच्या पत्नी. चारचौघांत नवऱ्यासमोर त्या कधी बोललेल्या मला आठवत नाहीत. त्या ट्रॉलीकडे न बघता रामरावांना म्हणाल्या, "ट्रॉली आपल्याकडं कवा आली जी? तिच्यात पयलं आपल्या पोरीचं, दिपालीचं वऱ्हाड गेलं. अन् सामन्याच्या दिवशी दिपाली शाळेत होती. सायकलवर आलती पाहाले, तुम्हीच तिले रागावले होते."

 रामराव म्हातारे झालेत आता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"सांगता सांगता मलेही खरंच वाटाले लागलं होतं," ते म्हणाले. "पण नाही. मी तं खाली उभा राहून टाळ्या वाजवल्या. गोविंदा होता तो. त्याचा नंबर गेला त्या दिवशी बोरीचा." मग ते अमरकडे वळले. "हार काढ तो तिथून."

मित्रांनो, तुम्हाला कसं सांगू? अमरनं ट्रॉलीच्या तोंडावरचा हार सोडवला. धम्मदीपनं दुसरं टोक धरलं. दोघं तो भलामोठा हार घेऊन गर्दीतून माझ्याकडे चालत आले. माझ्यावरची पोरं पटापट खाली उतरली. कोंबड्याही पळाल्या. इतक्या वर्षांनी सगळ्या गावाची तोंडं माझ्याकडे वळली होती. मी माझी सागाची मान होती तेवढी ताठ केली. समोर ती ट्रॉली बोडकी उभी होती आणि मला जो आनंद झाला, त्याला तुम्ही वाईट म्हणा नाही तर चांगलं म्हणा.

कांताबाई मध्ये आली. तिनं हात पुढे केले. "द्या बापू इकडं," ती म्हणाली.

हार घेऊन ती माझ्याजवळून पुढे गेली. थांबली नाही. पायऱ्या चढली, घरात गेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली गोविंदाचा एक लहानसा फोटो आहे. तो हार त्या फोटोला फार मोठा होता. तिनं दोनदा दुमडला, तरी खाली लोंबत राहिला. तिच्यामागून धम्मदीप गेला, अमर गेला, काठी टेकत रामराव गेले. बघता बघता सगळा चौक त्या छोट्या घरात शिरायला बघू लागला. आणि आतून धम्मदीपचा आवाज आला. तो परत पहिल्यापासून सामना सांगत होता, आणि या खेपेला तो "गोविंदाकाकांनी बैल सोडले" इथून सुरू करत होता.

बाहेर आम्ही दोघीच राहिलो. ती आणि मी, समोरासमोर, हार कुणालाच नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या फोटोचा हेवा वाटला. बंडी मी, कापूस माझ्यावर, चिखल माझ्यावर, चेंडू मी झेललेला. पण मग मला ते कापूस निवडणं आठवलं. अंगणात ती चिडलेली आणि तो गोल सांगत असलेला. त्या दोघांच्यात मी नुसती शेजारी उभी होते. तो हार जिथे गेला तिथेच जायला हवा होता, एवढं मलाही कळतं. कळतं म्हणून वाटायचं थांबत नाही, मित्रांनो.

आता कांताबाई मला सरपणाला लावायची भाषा करत नाही. पण उन्हापावसात मी उभीच आहे आणि लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं. तुमच्या गावातही कुणी ना कुणी एखादा जुना सामना सांगत असेल. तो ऐकताना सांगणाऱ्यावर विसंबू नका. जी माणसं तिथे नव्हती, घरी राहून ज्यांनी मागचं निस्तरलं, त्यांनाही जाऊन विचारा. ज्याचं होतं त्याचंच नाव घ्या. आणि कधी आमच्या गावाला आलात तर कांताबाईच्या घरी जरूर या, गोविंदाच्या फोटोला हार घाला. फक्त येताना हार दोन आणा.